पन्हळीतली खाण

एक साधा हिशेब करू. जुनी फोक्सवॅगन व्हॅन डोळ्यांसमोर आणा. तीच, जिचं छप्पर वर उचललं की मध्ये कापडाची भिंत ताणली जाते आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. तिच्या छपराचं क्षेत्रफळ साधारण ६ चौरस मीटर. ही गाडी कोकण किनाऱ्यावरच्या शिरोड्याला आणून पावसाळाभर उघड्यावर ठेवा. या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. म्हणजे त्या छपरावरून १८,००० लिटर पाणी घरंगळणार. जवळजवळ दोन टँकर! आणि ते वाहून नेणार कोण? छपराच्या दोन्ही कडांनी धावणाऱ्या, बोटभर रुंदीच्या पत्र्याच्या दोन पन्हळी.

दसऱ्याला बघावं तर पन्हळ गंजलेली. आपण म्हणणार, एवढा पाऊस झेलल्यावर दुसरं काय होणार? पण गंमत अशी, की त्या १८,००० लिटरनी पन्हळीचं फारसं काही बिघडत नाही. ते आलं आणि गेलं. पन्हळ खातं ते चमचाभर पाणी, जे गेलंच नाही. आणि ते जिथे दडी मारून बसतं, तिथे ना ऊन पोचतं, ना फडकं, ना आपली नजर.

शिरोडा मी उगाच निवडलेलं नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी अशाच गाड्या हाकत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोव्यापर्यंत यायची. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. गोव्याच्या उत्तर टोकाच्या हरमलहून निघून तेरेखोलची खाडी ओलांडली की रेडी आणि त्याला लागून शिरोडा. या गाडीची एक देशी बहीणही आपल्याकडे होती: हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोची मॅटाडोर. वऱ्हाडं, शाळेच्या सहली, दशावतारी मंडळींचे पेटारे, काय काय वाहिलं तिने! तिचं छप्पर उचललं जात नसे, पण कडेची पन्हळ तशीच. गॅरेजात तिला सरळ ‘गटर’ म्हणतात. दुखणंही तेच.

ही पन्हळ तिथे आली कशी? पावसाचा विचार तिच्यात आहेच, पण त्याआधी ती एका जोडाची उरलेली कड आहे. सुरुवातीच्या मोटारींना सबंध पोलादी छप्पर नसायचंच. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं असे, कारण तेवढ्या रुंदीचा पत्रा एका दाबात घडवणं कारखान्यांना जमत नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांवर एकसंध पोलादी छप्पर आणलं तेव्हा त्याची केवढी जाहिरात झाली! (आणि पुढे लोकांनी तेच पोलादी छप्पर कापून तिथे पुन्हा कापड बसवलं, ती ही आपली व्हॅन.) छप्पर एक पत्रा, बाजू दुसरा पत्रा. दोन्ही जोडायचे कसे?

इथे एक सुंदर युक्ती कामाला आली. एलिहू थॉमसन नावाच्या इंजिनिअरने १८८६ साली तिच्यामागच्या तत्त्वाचं पेटंट घेतलं होतं. दोन पत्रे एकमेकांवर ठेवा, तांब्याच्या दोन टोकांच्या चिमट्यात दाबून धरा आणि त्यातून प्रचंड वीजप्रवाह क्षणभर सोडा. विजेला सर्वांत जास्त अडथळा कुठे होतो? दोन पत्रे जिथे एकमेकांना टेकतात तिथे. मग तिथलंच पोलाद वितळतं आणि दुसऱ्याच क्षणी गोठून एक होतं. ज्योत नाही, बाहेरून सळई वितळवून घालणं नाही. हेच स्पॉट वेल्डिंग. अट एकच: चिमट्याला दोन्ही बाजूंनी पकड मिळाली पाहिजे. म्हणून छपराची आणि बाजूच्या पत्र्याची कड बाहेर काढून एकमेकींवर ठेवायची आणि चिमट्याने टिपत जायचं. जोड झाला की बाहेर डोकावणारी कड उरते. तीच जराशी वर वळवली की झाली पन्हळ.

आता नीट बघा, टाके कुठे आहेत? ठिपक्या-ठिपक्यांवर. दोन ठिपक्यांच्या मधे पत्रे जोडलेले नाहीत, नुसते चिकटून बसलेत. तिथे फट आहे. किती? समजा एक दशांश मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. एवढ्याशा फटीत काय होणार असं वाटतं ना? पाण्याला पोलाद आवडतं, ते त्याला चिकटतं, आणि फट जितकी अरुंद तितकं ते आत ओढलं जातं. एक दशांश मिलिमीटरच्या स्वच्छ फटीत पाणी चक्क १५ सेंटिमीटर वर चढू शकतं. वर! गुरुत्वाकर्षणाच्या नाकावर टिच्चून. पावसाने आत ढकलावं लागत नाही, फटच पाणी पिते.

कारखान्यातल्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून ते पन्हळीच्या तळाशी, नेमक्या जोडावर, रबरासारख्या सीलंटची धार सोडून वरून रंग देत. गाडी नवी असेपर्यंत काही बिघडत नाही. पण ते सीलंट उन्हात वर्षानुवर्षं तापून कडक होतं, आक्रसतं, आणि त्याला केसाएवढी चीर जाते. पाणी आत शिरायला ती चीर पुरते. बाहेर पडायला मात्र पुरत नाही, कारण वरचं सीलंट झाकणासारखं घट्ट बसलेलं. म्हणजे पाणी बाहेर ठेवायला घातलेलं तेच पाणी आत कोंडून ठेवतं! त्यात छपरावर सामानाचं कॅरियर असेल तर विचारायलाच नको. त्याचे आकडे याच पन्हळीच्या ओठावर आवळलेले असतात आणि प्रत्येक खड्ड्याला रंग खरवडतात. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवर गावाकडच्या प्रवासाच्या बॅगा लादलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना तो आकडा आठवेल.

आतापर्यंतची गोष्ट पुण्यालाही घडली असती. शिरोड्यात तिच्यात मीठ पडतं.

हे ते गाव, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरात मीठ कसं तयार होतं ते आपण जाणतो: भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं. पण मिठागराबाहेर, हवेत, मीठ येतं कुठून? लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते वर येतात आणि फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना त्याचा पडदा चिंध्या होऊन उडतो, आणि खाली उरलेल्या खळग्यातून पाण्याची बारीक पिचकारी उसळून तिचे थेंब सुटतात. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. थेंब वाऱ्यावर वाळतो, क्षार उरतात, वाऱ्याबरोबर येऊन सुरूच्या झाडांवर, कौलांवर, तुमच्या गाडीच्या पन्हळीत बसतात. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतसं हे प्रमाण झपाट्याने उतरतं. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी देशभर धातूचे तुकडे उघड्यावर टांगून भारताचा गंज-नकाशा तयार केला. आपल्या देशाचा असाही नकाशा आहे, हे ऐकूनच मला भारी वाटलं होतं.

मीठ पन्हळीत बसलं, पण पाऊस नसेल तर? तर ते हवेतून पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओलावा शोषून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर ३३ टक्के पुरतात. खडामिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. कोकणात ३३ टक्क्यांच्या खाली हवा उतरते कधी? म्हणजे मीठ बसलेली फट जवळजवळ बारा महिने ओली. पावसाचा एक थेंब न पडताही!

उलट पाऊस उपकारच करतो. तो मीठ धुऊन नेतो. समुद्राकाठी पत्र्याचा जो भाग पावसाने धुतला जातो, त्यापेक्षा वळचणीखालचा, आडोशाचा भाग अनेकदा जास्त गंजतो. मांगरात ठेवलेली गाडी सुरक्षित, असं समजून निर्धास्त झालेल्या माणसाला हे सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

पण पाणी आणि मीठ पोलादाचं करतात तरी काय? यासाठी १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो एका थेंबात मावतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन रसायनं मिसळलेली: एक विरघळलेलं लोखंड भेटलं की निळं होतं, दुसरं अल्कली भेटलं की गुलाबी होतं. (हे दुसरं म्हणजे आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन.) थोडा वेळ थांबा. सुरुवातीला सगळीकडे बारीक बारीक निळे-गुलाबी ठिपके. मग ते हळूहळू वेगळे होतात, आणि थेंबाचा मध्य निळा होतो, कड गुलाबी! दोन्हींच्या मधल्या वर्तुळावर तपकिरी गंज जमू लागतो.

याचा अर्थ लावा बरं. हवा कुठे जास्त? थेंबाच्या कडेला, जिथे पाण्याचा थर पातळ. मध्यात हवा पोचायला वेळ लागतो. आणि लोखंड विरघळतंय कुठे? मध्यात! जिथे ऑक्सिजन कमी तिथे! आपण जन्मभर समजत आलो की हवा लागली की लोखंड गंजतं, आणि हा थेंब सांगतो, हवा एकीकडे लागते, लोखंड भलतीकडेच खाल्लं जातं.

कारण गंज म्हणजे विजेचा सेल आहे, टॉर्चमध्ये असतो तसाच खराखुरा. मध्यातला लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पोलादातूनच धावत कडेला जातात. तिथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना झेलतात. पाण्यातून विरघळलेलं लोखंड इकडून, अल्कली तिकडून, अशी दोघं निघतात आणि वाटेत भेटून तपकिरी होतात. मीठ या सेलमध्ये वीज वाहायला पाण्याला मदत करतं. शिवाय मिठातला क्लोराइड फटीत शिरतो, लोखंडाशी जोडी जमवतो, त्यातून आम्ल तयार होतं, आम्ल आणखी लोखंड विरघळवतं, आणि क्लोराइड? तो जसाच्या तसा मोकळा, पुढच्या अणूसाठी तयार. चिमूटभर मीठ म्हणूनच वर्षानुवर्षं पुरतं.

आता हे ज्ञान घेऊन पन्हळीकडे परत या. सीलंटखालची फट म्हणजे थेंबाचा मध्य: हवा नाही. बाहेरची ओली, उघडी कड म्हणजे थेंबाचा काठ: हवाच हवा. खाल्ली जाते फट, आणि गंज दिसतो भलतीकडे, जोडातून ओघळलेल्या तपकिरी रेघेत. रेघ म्हणजे जखम नव्हे. रेघ पुसून रंग मारणारा माणूस चुकीच्या जागी मलम लावत असतो.

फटीत तयार झालेला गंज गप्प बसत नाही. लोखंडापेक्षा त्याला दुप्पट ते सहापट जागा लागते. मालवणी वडा तेलात टम्म फुगावा तसा रंग वर येतो, तो खालच्या या फुगवट्याने. दोन पत्र्यांमध्ये तर हा गंज पाचरीसारखा वागतो, टाके ताणतो, कधी उखडतोही. फट रुंदावते, आणखी पाणी, आणखी मीठ. एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा. तो किती दिवस टिकणार?

गंजाची भूक लोखंडापुरती नसते. बोटीवर काम केलेल्या माणसाला विचारा. नांगराची साखळी ठेवायच्या बंद खोलीत एकदम का शिरू देत नाहीत? कारण ओली लोखंडी साखळी गंजताना तिथल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेते. आत विषारी वायू नसतो, वास नसतो, आणि तरी माणूस कोसळतो. अशाने खलाशी मेलेले आहेत. गंज श्वास घेतो, हे अक्षरशः खरं आहे.

आणि तो गरमही असतो! थंड प्रदेशात जाणारे लोक खिशात हात शेकायच्या पुड्या ठेवतात. त्या पुडीत काय असतं? लोखंडाची भुकटी, थोडं पाणी, कोळसा आणि मीठ. पाकीट फोडलं, हवा लागली, की भुकटी भराभर गंजते आणि तास न् तास ऊब देते. पन्हळीतही हीच उष्णता बाहेर पडते, फक्त इतकी सावकाश की हाताला कळत नाही.

ही उष्णता आली कुठून? उत्तर शिरोड्याच्या अगदी शेजारी आहे. रेडी. तिथल्या खाणींतून लोहखनिज काढलं जायचं आणि बंदरावरून बोटींनी परदेशी जायचं. (रेडीचा द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीच्याच परिसरात सापडला.) लोहखनिज म्हणजे काय? लोखंड आणि ऑक्सिजन, एकमेकांना घट्ट धरून बसलेले. पोलाद कारखान्यात कोक जाळून, दीड हजार अंशांच्या वर तापवून, ऑक्सिजनला त्या मिठीतून ओढून काढतात. तेवढी प्रचंड ऊर्जा खर्च होते तेव्हा लोखंड मोकळं होतं. पण ते त्याला मानवत नाही. संधी मिळताच ते ऑक्सिजनला पुन्हा गाठतं आणि भट्टीत घेतलेली उष्णता परत करतं. म्हणजे पन्हळीच्या तळाशी साचलेली ती लालसर भुकटी काय आहे? खनिज! मोटारगाडीच्या छपरावर एक इवलीशी खाण तयार झालेली आहे.

गंजात एक खनिज हमखास सापडतं, त्याचं नाव गोएथाइट. जर्मन महाकवी गोएथे, जो आपल्या कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर फिदा झाला होता, त्याचंच नाव. त्याला खनिजांचा भारी नाद होता. हेच गोएथाइट जांभ्या दगडात असतं. ज्या चिऱ्यांनी शिरोड्याची घरं आणि गडगे बांधलेत, त्यांचा पिवळा-तांबडा रंग आणि मॅटाडोरच्या पन्हळीतून ओघळलेल्या रेघेचा रंग सारखा दिसतो, कारण दोन्हींत तोच पदार्थ आहे. आणि लोहखनिजाचे जगातले मोठमोठे साठे झाले कसे? २५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीव सूर्यप्रकाशावर जगायला शिकले, ऑक्सिजन सोडू लागले, आणि समुद्रातलं लोखंड गंजून तळाशी थरावर थर बसत गेलं. गोवा-रेडीच्या पट्ट्यातलं खनिजही अशाच प्राचीन पट्टेरी खडकांतून आलेलं. खाऱ्या पाण्यात गंजून जन्मलेला पदार्थ आपण खणून काढला, वितळवला, त्याची गाडी केली आणि पुन्हा खाऱ्या वाऱ्यात उभी केली!

बरं, आता ती दुरुस्त कशी करायची?

पहिलं काम धीराचं: उघडणं. जुनं सीलंट पन्हळीच्या पूर्ण लांबीतून खरवडून काढायचं, जिथे ठीक दिसतंय तिथूनही. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तळ टोचत जायचं. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नव्हताच, नुसता रंग होता. वर उचलणाऱ्या छपराची गाडी असेल तर फायबरचं ते छप्पर आणि त्याखालची रबरी पट्टी उतरवावीच लागते. फायबर गंजत नाही, पण त्याच्या पट्टीखाली पाणी मस्त मुक्काम करतं.

दुसरं काम बहुतेक जण गाळतात: धुणं. गोड्या पाण्याने, पुन्हा पुन्हा. समुद्रातून काढलेल्या जुन्या लोखंडी तोफा वस्तुसंग्रहालयवाले महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पाण्यात भिजवत ठेवतात, पाणी बदलत राहतात, कशासाठी? आतला क्लोराइड बाहेर यावा म्हणून. तो न काढता वरून काहीही लावा, तोफ सुकताना पापुद्रे सुटतात. गाडीचंही तेच. मिठावर रंग मारला तर ते मीठ रंगाच्या थरातूनही ओलावा खेचतं आणि वर्षाच्या आत फोड येतात.

मग घासणं. वायर ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर. कानाकोपऱ्यात उरलेल्या गंजासाठी बाजारात काळं करणारी द्रावणं मिळतात आणि त्यांत एक जुनी ओळख निघते: टॅनिन. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो तो याच टॅनिनने. हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांपासून आपल्याकडे शाई बनत असे, तीही याच मेळातून. हे द्रावण तांबड्या गंजाला शाईच्या जातीच्या काळ्या, स्थिर पदार्थात बदलतं. म्हणजे पन्हळीत तुम्ही हिरड्याची शाई तयार करता! पण याला उपाय म्हणावं, चमत्कार नव्हे. जिथे पत्राच उरलेला नाही तिथे शाईने काय होणार?

तिथे कापावंच लागतं. आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: भोकावर पुट्टी भरणं हा गुन्हा आहे. पुट्टीत मुख्यतः दगडाची मऊ भुकटी असते, ती पाणी शोषते आणि पत्र्याशी धरून ठेवते. म्हणजे सीलंटची जुनीच चूक, आणखी ओली करून. सडलेला भाग कापून, नवा पत्रा तशाच घडीत वाकवून, सीओटू वेल्डिंगने बसवायचा. चांगला कारागीर इथे सरळ ओळीत टाके घालत नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग परत. का? एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं की सव्वा मिलिमीटरच्या जवळपास वाढतं. सलग वेल्ड केलं तर छपराचा पातळ पत्रा लाटांसारखा उठेल आणि तो पुन्हा सपाट करणं नव्याने छप्पर घडवण्याइतकं अवघड.

आता रंगाआधीचा थर. आपल्या गॅरेजांत सरसकट लावतात ते रेड ऑक्साइड. त्यातला लाल रंग कशाचा, ठाऊक आहे? आयर्न ऑक्साइडचा. म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ! गंजू नये म्हणून आपण लोखंडाला लोखंडाचं ऑक्साइड फासतो. ते चालतं, कारण ज्याने ऑक्सिजनचं सगळं देणं चुकतं केलंय ते आणखी काय गंजणार? पण ते नुसता आडोसा धरतं, लढत नाही. पूर्वी जहाजांना आणि पुलांना शिशाचं लाल ऑक्साइड लावत, म्हणजे चक्क शेंदूर! तो खरोखर गंज रोखत असे. पण शिसं विषारी, म्हणून मागे पडला.

लढतं ते जस्त. जस्ताला लोखंडापेक्षाही इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई. दोघं एकमेकांना टेकलेले असले की सेलमध्ये विरघळायची पाळी जस्तावर येते आणि लोखंड वाचतं. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ही युक्ती ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर, तळाच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी वापरली. तांबं उत्तम टिकलं! आणि जहाजं मात्र मंदावली. कारण तांबं थोडंथोडं विरघळत होतं म्हणूनच शंख-शिंपले तळाला चिकटत नव्हते. ते विरघळायचं थांबल्यावर सगळा समुद्र येऊन चिकटला. युक्ती मात्र खरी ठरली. आज बंदरातल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, झिजण्यासाठीच. पन्हळीला झिंक प्रायमर लावायचा तो याच हिशेबाने.

त्यावर इपॉक्सी. आणि इथे मला काजूच्या वेंगुर्ल्याची आठवण येते. ओल्या हवेतही नीट आवळणाऱ्या, जहाजांसाठीच्या काही इपॉक्सी रंगांत जे दुसऱ्या डब्यातलं द्रव्य मिसळतात, ते काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनतं. तेच तेल, जे अंगाला लागलं की कातडी सोलवटते आणि जे जुने मच्छीमार होड्यांना आणि जाळ्यांना चोळत आले. रसायनशास्त्राने त्यांचा अनुभव डब्यात भरला एवढंच.

शेवटचा थर नव्या सीलंटचा, पॉलियुरेथेनचा. दुकानात मिळणारं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन चुकूनही नको. तो वास खरोखरच आम्लाचा असतो. सुकताना ते ॲसेटिक आम्ल सोडतं आणि ज्या पोलादाला वाचवायला लावलं त्यालाच चावतं. मग रंग. आणि त्यानंतर दिवाळी ते मिरग, पाऊस नसतो तेव्हा, अधूनमधून पन्हळीत नळाचं गोडं पाणी सोडत राहायचं. प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवायची गाडी तर अजिबात नाही.

नव्या गाड्यांना पन्हळ नसते, तेव्हा तुम्ही सुटलात असं वाटत असेल. खाली जाऊन आपल्या गाडीचं छप्पर वरून बघा. पुढून मागे जाणाऱ्या दोन काळ्या पट्ट्या दिसतात? वारा कापताना आवाज होऊ नये, पेट्रोल वाचावं म्हणून १९८०च्या दशकापासून पन्हळी हळूहळू दिसेनाशा झाल्या, पण छप्पर आणि बाजू जोडायच्या तर होत्याच. त्या पट्टीखाली एक उथळ चर आहे, चरात तेच ठिपक्या-ठिपक्यांचे टाके आहेत, आणि त्यांच्यावर सीलंटची एक धार. ती पट्टी एका टोकाला जरा सैल झाली असेल, तर आधी तिथे बघा.